स्व-प्रकाशनाचे ‘संपूर्ण पॅकेज’ : एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांचा अनुभव

गेली तेरा वर्षे मी सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीहून पहाटेच्या गाडीने निघते, सह्याद्रीतली एखादी घाटवाट चढते किंवा उतरते आणि घरी आल्यावर त्या वाटेविषयी ब्लॉगवर लिहिते. त्या लेखांपैकी ४१ वाटांचे पुस्तक करायचे ठरले, तेव्हा मी एका स्व-प्रकाशन सेवेकडून ‘संपूर्ण पॅकेज’ विकत घेतले. तीन वर्षांनी त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती मी पॅकेज न घेता स्वतः काढली. एकच मजकूर दोन वेगळ्या मार्गांनी छापून झाल्यामुळे दोन्हींची तुलना माझ्या हातात आहे, आणि जे लोक आज आपल्या लेखांचे पुस्तक करण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी ती सविस्तर लिहून ठेवावी असे वाटते. सेवेचे नाव मी देत नाही. एका ग्राहकाच्या अनुभवावरून एखाद्या संस्थेला दोषी ठरवणे मला योग्य वाटत नाही, शिवाय नंतर इतर तीन ठिकाणांहून मागवलेली दरपत्रके जवळजवळ त्याच साच्यातली निघाली.

पॅकेजची किंमत ५८,००० रुपये होती. त्यात डेमी आकारातील १८४ पानी पुस्तकाच्या ३०० प्रती, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), कॉपीराइट नोंदणी, ऑनलाइन विक्रीसाठी नोंद आणि ‘प्रमोशन’ एवढ्या गोष्टी होत्या. यातल्या काही गोष्टी त्यांनी चांगल्या केल्या, आणि ते आधी सांगितले पाहिजे. दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधी गठ्ठे घरी आले. कागद ठरल्याप्रमाणे ७० जीएसएमचा होता, बांधणी पक्की होती, आणि माझ्याकडची एक प्रत तीन पावसाळे पिशवीत फिरूनही तिची पाने सुटलेली नाहीत. फोन केला की उत्तर मिळत असे आणि बोलणे नेहमी अदबीचे असे. छपाई, बांधणी, पोहोच या कामांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार संपादनाबद्दल आहे, आणि तिच्यातला अर्धा वाटा माझा आहे.

घाटवाटांचे लेखन ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक असेल की डोंगराच्या प्रत्येक भागाला स्थानिक बोलीत नेमके नाव असते. कड्याला पडलेली उभी, दगडधोंड्यांनी भरलेली चीर म्हणजे नाळ. डोंगराची खाली उतरत गेलेली लांब धार म्हणजे सोंड किंवा दांड. माथा आणि तळ यांच्या मधोमध कड्याच्या पायथ्याशी पसरलेला, बहुधा रानाने झाकलेला सपाट पट्टा म्हणजे पदर. हे शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. ‘सोंडेवरून पदरात उतरावे आणि पदरातून डावीकडे जाऊन नाळ गाठावी’ एवढ्या एका वाक्यात माणसाला अर्ध्या दिवसाची वाट सापडते, कारण यातला प्रत्येक शब्द डोंगरावरची एक ओळखता येणारी जागा दाखवतो आणि तोच शब्द वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला विचारता येतो.

संपादित हस्तलिखित परत आले तेव्हा ‘पदर’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘पठार’ झाले होते. ‘सोंड’ची ‘डोंगररांग’ झाली होती. बेलपाडा गावातून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणारी जी वाट साऱ्या डोंगरभटक्यांना ‘नळीची वाट’ म्हणून माहीत आहे, ती ‘नाल्याची वाट’ झाली होती. किल्ल्यांवरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांविषयी मी लिहिले होते. एकवचनात ते ‘टाके’ असते, आणि अनेकवचनात ‘टाकी’. संपादकाने ‘एक टाके’ हे चुकीचे समजून ‘एक टाकी’ केले, आणि त्यामुळे गडाच्या माथ्यावर जणू सिमेंटची टाकी बांधलेली आहे असा अर्थ निघू लागला. सोबतच्या पत्रात लिहिले होते की भाषा प्रमाण आणि सर्वांना समजेल अशी केली आहे.

आज मी त्याचे उत्तर देऊ शकते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १८ आहेत, त्यांतले १४ सन १९६२ मध्ये आले आणि ४ सन १९७२ मध्ये जोडले गेले, आणि ते सारे शब्द कसा लिहावा याविषयी आहेत. लेखकाने कोणता शब्द वापरावा हे ते सांगत नाहीत. ‘पदर’ हा शब्द ‘पठार’पेक्षा कमी प्रमाण नाही, तो वेगळ्या वस्तूचे नाव आहे. पठार डोंगराच्या डोक्यावर असते आणि पदर कमरेवर असतो. हे मला तेव्हाही माहीत होते. मी सेवेच्या समन्वयकांना फोन करून ते सांगितलेही, पण त्या म्हणाल्या, “मॅडम, आमचे संपादक वीस वर्षे या क्षेत्रात आहेत. सामान्य वाचकाला पदर म्हटले की साडीचाच आठवतो.” आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले, याचा विचार मी पुढे बराच केला. ब्लॉगवर लिहिताना माझी वाक्ये कोणी तपासत नव्हते. मी लिहीत होते आणि लोक त्याच्या आधाराने चालत होते. त्या वर्षांत शेकडो पत्रे आली, त्यांत ‘तुम्ही लिहिलेल्या आंब्याच्या झाडापाशी वाट सापडली’ असे कळवणारे होते, ‘ते झाड आता पडले आहे’ असे सांगणारेही होते, आणि त्या पत्रांवरून मी लेख दुरुस्त करत आले. वाटेचे वर्णन कोठे तुटते आणि कोणत्या शब्दावर वाचक अडतो, हे त्या पत्रांनीच मला शिकवले. तरीही पुस्तक म्हटल्यावर मला ते सारे हौशी वाटू लागले. ब्लॉग ही घरातली गोष्ट आणि पुस्तक ही जाणकारांची, अशी एक वाटणी मनात केव्हा तयार झाली ते कळले नाही, आणि पैसे भरल्यामुळे ती अधिकच घट्ट झाली. आपण ज्यांना मोबदला देतो त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे गृहीत धरले की प्रश्न विचारणे हा उद्धटपणा वाटू लागतो. संपादकांना मराठी उत्तम येत होते, यात शंका नाही. पण ते त्या डोंगरात गेलेले नव्हते, आणि त्या पुस्तकाला दोन्ही गोष्टींची गरज होती.

दुसरी चूक अधिक तांत्रिक होती. ती मराठीत लिहिणाऱ्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मराठीत ‘र’ला ‘य’ जोडण्याच्या दोन रीती आहेत. सूर्य, आचार्य, कार्य यांत अक्षराच्या डोक्यावर रफार येतो. दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर यांत मात्र अक्षराच्या डावीकडे चंद्रकोरीसारखा आडवा र येतो. हा फरक अर्थाचा आहे: ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. मी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे सगळे संगणक आणि मोबाइल वाचतात त्या अक्षरपद्धतीत, दिला होता. पाने लावण्याचे काम मात्र अजूनही अनेक ठिकाणी पेजमेकरसारख्या जुन्या प्रणालीवर चालते, तिला युनिकोड देवनागरी समजत नाही, आणि म्हणून मजकूर एका परिवर्तकातून जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) नेला जातो. त्या प्रवासात माझा प्रत्येक आडवा र रफार झाला. घाटवाटांच्या पुस्तकात ‘दऱ्या’ हा शब्द किती वेळा येत असेल याची कल्पना करावी. माझ्या पुस्तकात तो ६३ वेळा आला होता आणि ६३ ठिकाणी तो ‘दर्या’ झाला, म्हणजे समुद्र. ‘दोन्ही बाजूंच्या दर्या धुक्याने भरलेल्या असतात’ हे वाक्य पहिल्या आवृत्तीच्या पान ३१ वर छापलेले आहे. कातळात खोदलेल्या ‘पायऱ्या’ सर्वत्र ‘पायर्या’ आहेत.

ही चूक मला प्रूफात दिसली होती. मी तीन पानांवर खुणा करून पाठवल्या तेव्हा उत्तर आले की पडद्यावर तसे दिसते, छपाईत नीट येईल. ते खरे नव्हते. कदाचित उत्तर देणाऱ्यालाही ते माहीत नसावे. माझ्या घरी प्रिंटर होता. तेच पान कागदावर काढून बघायला एक मिनिट लागले असते. मी ते केले नाही.

मुखपृष्ठावर बर्फाच्छादित शिखर आणि पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक गिर्यारोहक होता. सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे आडवे थर ज्याने एकदाही पाहिले आहेत त्याला ते चित्र परक्या प्रदेशाचे आहे हे लगेच कळते. मी माझी तीन छायाचित्रे सुचवली होती. “हेच चालते, मॅडम,” असे उत्तर मिळाले, आणि तेही मी मान्य केले.

पुस्तक निघून आठ महिने झाल्यावर मला एक पत्र आले. पुण्याच्या पाच जणांच्या एका गटाने पुस्तक सोबत घेऊन मुरबाड तालुक्यातली एक कमी वापरातली वाट उतरायला घेतली होती. पान ४७ वर छापले होते की ‘पठारावर यावे आणि पठारावरून डावीकडे जावे’. त्यांनी माथ्यावरचे पठार धरले आणि डावीकडे कड्याच्या कडेकडेने अडीच तास वाट शोधली. उन्हाळा होता, पाणी संपत आले. शेवटी त्यांनी शहाणपणाने आल्या वाटेने परत जायचे ठरवले आणि अंधार पडता पडता ते गावात पोहोचले. कोणाला काही झाले नाही. पत्राचा सूर रागाचा नव्हता. उलट शेवटी लिहिले होते की घरी गेल्यावर त्यांनी माझा जुना लेख उघडून पाहिला, त्यात ‘पदर’ असे होते, आणि तो शब्द पुस्तकात असता तर त्यांनी वाटेत भेटलेल्या बाईंना तो विचारला असता. त्या बाई त्यांना ‘पुढे कुठे जायचे’ असे दोनदा विचारत होत्या.

ते पत्र मी कितीतरी दिवस पिशवीत घेऊन फिरत होते. पुस्तकावर माझे नाव होते, संपादकाचे नव्हते. त्या पाच जणांनी विश्वास माझ्यावर ठेवला होता, आणि मी तो एका अशा माणसाकडे सोपवला होता ज्याने ती वाट पाहिली नव्हती. त्या दिवशी दुसरी आवृत्ती स्वतः काढायची हे ठरले.

पण करार आडवा आला. मी सही केलेल्या करारात तीन वर्षांसाठी पुस्तकाच्या छपाईचे आणि विक्रीचे सर्व हक्क त्या सेवेकडे होते, आणि ते कलम मी वाचूनच सही केली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून मुदत लिहिलेली असणे हे माझ्या दृष्टीने बरेच झाले. मी उरलेला काळ थांबले. ज्यांना असा करार समोर आला असेल त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: हक्क अनन्य, म्हणजे फक्त त्यांच्याकडेच, आहेत का, आणि पाने लावलेली मूळ फाइल आपल्याला मिळणार आहे का. मला ती मिळाली नाही, आणि सगळी पाने पुन्हा लावावी लागली.

पॅकेजमधल्या ‘आयएसबीएन’ आणि ‘कॉपीराइट’ या दोन बाबींविषयीही सांगितले पाहिजे, कारण दरपत्रकात त्यांच्यापुढे ६,५०० रुपये लिहिलेले होते. भारतात आयएसबीएन देण्याचे काम केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था करते, त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. कागदपत्रे नीट जोडली तर काम अवघड नाही, थोडा धीर लागतो एवढेच. सेवेने घेतलेला क्रमांक त्या सेवेच्या नावावर असतो, म्हणजे नोंदीत प्रकाशक ती सेवा ठरते, तुम्ही नाही. कॉपीराइट तर लेखन पूर्ण होताच लेखकाचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, आणि हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे चालते. या गोष्टी मला आधी माहीत असत्या तर मी ते ६,५०० रुपये एका चांगल्या मुद्रितशोधकाला दिले असते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी नेमके तेच केले.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी तीन माणसे शोधली. अक्षरजुळणी करणाऱ्या ताई ठाण्याच्या. त्यांची अट एकच होती की मजकूर युनिकोडमध्येच राहील आणि पाने युनिकोड समजणाऱ्या प्रणालीवरच लागतील. त्यांनी आयआयटी मुंबईचा मुक्त ‘शोभिका’ टंक सुचवला. पहिल्या भेटीत मी त्यांना ‘दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, आचाऱ्यांना’ असे पाच शब्द लिहिलेला कागद दिला आणि ते कागदावर छापून मागितले. पाचही बरोबर आले, मग पुढचे बोलणे झाले. ही चाचणी मी कोणालाही करायला सांगेन; तिला पाच मिनिटे लागतात. मराठी वळणाची ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरेही आम्ही मुद्दाम पाहून घेतली, कारण २००९ च्या शासन निर्णयात ती वळणे मराठीसाठी निश्चित केलेली असूनही अनेक टंकांत आपोआप हिंदी वळणे येतात.

मुद्रितशोधक एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोनशेहून अधिक चुका काढल्या, त्या सगळ्या माझ्याच होत्या आणि मी सगळ्या मान्य केल्या. मात्र ज्या शब्दाचा अर्थ त्यांना लागला नाही तो त्यांनी बदलला नाही. त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून समासात ‘हा शब्द असाच हवा का?’ असे लिहिले. मला वाटते, संपादकाकडून लेखकाला एवढीच अपेक्षा असावी. त्या प्रश्नांतूनच पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची शब्दसूची तयार झाली, आणि ‘सामान्य वाचकाला कळणार नाही’ ही पॅकेजवाल्यांची शंका, जी पूर्णपणे चुकीची नव्हती, तिचे उत्तरही त्या सूचीने दिले.

तिसरा माणूस बेलपाड्याचा. गेली कित्येक वर्षे मी त्यांना मामा म्हणते. त्यांच्या घरी मुक्काम करूनच मी त्या बाजूच्या बहुतेक वाटा चालले आहे. पानांचे प्रूफ घेऊन मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले आणि ओसरीवर बसून त्या भागातल्या नऊ वाटांची वर्णने मोठ्याने वाचली. मामा विळ्याने बांबू तासत ऐकत होते. मध्येच त्यांचा हात थांबला की मला कळे की काहीतरी चुकले आहे. एका ठिकाणी मी ‘नाळेच्या तोंडाशी’ असे वाचले, तेव्हा विळा थांबला. “ताई, ती नाळ न्हाई, घळ आहे ती. नाळंनं माणूस वर जातो. घळीनं पाणीच खाली येतं.” मी त्या जागेला तीनदा जाऊन आले होते, आठ वर्षे तिला नाळ म्हणत होते आणि ब्लॉगवरही तसेच लिहिले होते. तो शब्द मी त्याच क्षणी खोडला.

स्वतःच्या निर्णयावर विश्वास ठेवणे म्हणजे कोणाचेच न ऐकणे, असा अर्थ कोणी घेऊ नये, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सांगितला. पॅकेजच्या संपादकाला मी नकार द्यायला हवा होता आणि मामांना दिला नाही, याचे कारण एकच: त्या वाटेविषयी कोणाला अधिक कळते हे मला दोन्ही वेळी ठाऊक होते. पहिल्या वेळी मी ते ठाऊक असूनही बाजूला ठेवले. दुसरी आवृत्ती छापणाऱ्या नारायण पेठेतल्या मुद्रकांचेही मी असेच ऐकले. माझा हट्ट होता की प्रत्येक वाटेचे छायाचित्र रंगीत आणि त्या त्या पानावर हवे. त्यांनी कागद हातात घेऊन फर्म्याचा हिशेब समजावला: सोळा पानांचा एक फर्मा, मजकुराचे अकरा फर्मे म्हणजे १७६ पाने, आणि सगळी रंगीत छायाचित्रे आर्ट पेपरच्या एका वेगळ्या फर्म्यात एकत्र. नाहीतर प्रत्येक फर्मा रंगीत छापावा लागेल आणि किंमत दुपटीवर जाईल. माझी ब्लॉगसाठी लहान केलेली छायाचित्रे त्यांनी घेतलीच नाहीत. १,२०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम चार इंच येते, त्यामुळे मला जुन्या डिस्क शोधून मूळ फाइली काढाव्या लागल्या. मी हाताने काढलेल्या नकाशांच्या रेषा फार बारीक आहेत, छपाईत तुटतील, हेही त्यांनीच सांगितले, आणि मी एकोणतीस नकाशे पुन्हा काढले. छपाईतले त्यांना कळत होते, मला नव्हते. शेवटी ते म्हणाले, “ताई, शब्दांचं तुम्ही बघा, कागदाचं मी बघतो,” आणि काम तसेच झाले.

खर्चाचा हिशेब सांगते, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. अक्षरजुळणी ९,००० रुपये, मुद्रितशोधन ७,०००, मुखपृष्ठाची मांडणी ४,०००, आणि २५० प्रतींची छपाई-बांधणी प्रत्येकी १४० रुपयांप्रमाणे ३५,०००, एकूण ५५,०००. म्हणजे पॅकेजपेक्षा पैसे फारसे वाचले नाहीत आणि प्रती पन्नास कमी आल्या, जरी या वेळी सोळा रंगीत पाने होती. वेळ मात्र पाच महिने लागला. पॅकेजमध्ये ते काम सात आठवड्यांत झाले होते. ज्यांच्याकडे एवढी रक्कम नसेल त्यांच्यासाठी बंगळुरूच्या पोथी डॉट कॉमसारख्या मागणीनुसार छपाई करणाऱ्या सेवा आहेत, तिथे एकेक प्रतही छापून मिळते. दर प्रतीमागचा खर्च अर्थातच अधिक पडतो.

ई-पुस्तकाविषयी थोडे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून येऊ लागली आणि तेथे लेखक स्वतः पुस्तक चढवू शकतो. मानधन ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत यावे लागते, आणि तिची अट अशी की ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत तो मजकूर डिजिटल स्वरूपात इतरत्र कोठेही उपलब्ध नसावा. नमुना म्हणून साधारण १० टक्के चालतो. आपल्या ब्लॉगवरच्या लेखांचे पुस्तक करणाऱ्याने हे नीट वाचून घ्यावे, कारण आपला स्वतःचा ब्लॉगसुद्धा या ‘इतरत्र’मध्ये येतो. अनेकांनी मला लेख काढून टाकून ७० टक्के घेण्याचा सल्ला दिला. मी लेख ठेवले आणि ३५ टक्के घेतले. त्या पाच जणांना घरी गेल्यावर बरोबर शब्द सापडला तो त्या जुन्या लेखातच, आणि तो लेख मी पडद्यामागे टाकू शकत नव्हते. याबाबत मला कोणाचा सल्ला घ्यावासा वाटला नाही.

पॅकेजमधले ‘प्रमोशन’ म्हणजे समाजमाध्यमांवरची सहा चित्रे होती; त्यातून किती प्रती गेल्या हे सांगता येणार नाही. पहिल्या आवृत्तीच्या बहुतेक प्रती मी स्वतः, वाचकांना पत्रे लिहून, विकल्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीच्या १९० प्रती चौदा महिन्यांत गेल्या, त्यातल्या साठ-सत्तर दोन दुकानांतून. दुकानांनी ३५ आणि ४० टक्के सवलत मागितली आणि मला ती वाजवी वाटली. शिवाय स्वतः प्रकाशक झाल्यावर १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. पहिल्या आवृत्तीच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. या वेळी मी चारही पुडकी स्वतः बांधली.

मग पॅकेज कोणी घ्यावे? ज्यांना आजोबांच्या आठवणींच्या पन्नास प्रती घरातल्या लोकांसाठी ठरलेल्या दिवशी हव्या आहेत, ज्यांना मुद्रकाकडे चकरा मारणे शक्य नाही, त्यांनी जरूर घ्यावे. छपाई आणि पोहोच यांसाठी मी त्या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. संपादनासाठी एकच देईन. ज्यांचे पुस्तक एखाद्या जागेविषयी, कसबाविषयी किंवा बोलीविषयी आहे आणि त्या विषयात ज्यांनी वर्षे घातली आहेत, त्यांनी पॅकेज घेतले तरी ‘लेखकाच्या लेखी संमतीशिवाय शब्द बदलला जाणार नाही’ हे एक वाक्य करारात लिहून घ्यावे. मी नंतर दोघांना ते लिहून घ्यायला लावले. एकाच्या बाबतीत सेवेने ते विनातक्रार मान्य केले, म्हणजे मीही मागितले असते तर कदाचित मिळाले असते.

पहिल्या आवृत्तीच्या सुमारे २६० प्रती लोकांच्या घरी आहेत. ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना मी शुद्धिपत्र पाठवले आहे. ज्यांना मिळालेले नाही त्यांनी कळवावे, टपालखर्च मी करीन. बर्फाचे शिखर असलेले मुखपृष्ठ ही त्या आवृत्तीची खूण. तोपर्यंत एवढे तरी पेनाने करून घ्यावे: पान ४७, ओळ १२ आणि १३ मध्ये दोन्ही ठिकाणी ‘पठार’ खोडून ‘पदर’ लिहावे, आणि पान ११२ वर ‘नाळेच्या तोंडाशी’ असे आहे तेथे ‘घळीच्या तोंडाशी, आत न शिरता’ असे लिहावे.